वरच्या फळीवरचा लसूण

९ नोव्हेंबर

घरात बोटाएवढ्या पाकळ्यांचा लसूण लपवून ठेवायचा आणि सुनेला तांदळाएवढ्या पाकळ्या सोलायला लावायच्या, ही कुठली रीत? कोठीच्या खोलीतली फळी पुसायला स्टुलावर चढले म्हणून तरी मला कळलं. सगळ्यात वर, भिंतीला टेकवून, जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधलेले गड्डे. एकेक माझ्या मुठीत मावत नाही. साल जांभळट, पाकळी अशी टपोरी की सुरीने चार तुकडे करावेत. आणि खाली ओट्यावरच्या टोपलीत काय? सुकलेली, चिमटलेली बारकी पोरं. माझी लेक दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढून येते आणि संध्याकाळी ओट्याशी उभी राहून त्या बारक्या पाकळ्या नखाने खरवडते. नखांच्या कडा लाल झाल्यात पोरीच्या. चांगलं ते वर, उरलेलं ते सुनेला. असा हिशेब आहे विहीणबाईंचा.

हां, आता नमस्कार. ही डायरी जावईबापूंना टायरच्या दुकानातून फुकट मिळाली, ती त्यांनी मला दिली. म्हणाले, "आई, मनात येईल ते यात लिहीत जा." म्हणजे तोंडाने बोलू नका. जावई लिफ्ट दुरुस्त करतात. कुठलं बटण दाबलं की कोण कुठे थांबतं, ते त्यांना बरोबर कळतं.

मी या घरातल्या सुनेची आई. विहीणबाई मागच्या पायरीवरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या हॉस्पिटलात आहेत. त्या परत उभ्या राहीपर्यंत घर सांभाळायला मी आले. एक पिशवी घेऊन आले. नात मला 'पाहुणी आजी' म्हणते. लहान आहे, पण चूक म्हणत नाही.

उद्या तो लसूण खाली उतरवणार. चांगली वस्तू आधी खावी, वाळून भुसा होईपर्यंत देवासारखी वर ठेवू नये.

१० नोव्हेंबर

सगळा सोलला. आधी वाटलं अर्धा ठेवावा. मग म्हटलं, अर्धा ठेवला तर विहीणबाई घरी आल्या की तो परत वर चढेल आणि माझी लेक परत बारक्याला लागेल. एकसुद्धा ठेवला नाही. सोलायला काय सोपा! अंगावरचा कोट काढावा तशी साल सुटते. मंद आचेवर तेलात सोडला, मीठ घातलं, मोठी काचेची बरणी गळ्यापर्यंत भरली. म्हटलं, आता महिना-दोन महिने पोरीच्या नखांना सुट्टी.

संध्याकाळी लेक आली. बरणी बघून पर्स खांद्यावरच ठेवून उभी राहिली.

"आई, एवढा मोठा लसूण कुठून आणलास?"

"बाजारातून."

खोटं का बोलले? सासूच्या वस्तूला हात लावला म्हटलं तर घाबरेल, म्हणून. तिने झाकण उघडून वास घेतला. मग कोठीच्या खोलीत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि ओट्याखालचा सालींचा डबा उचलला. "अगं ठेव, मी टाकते," म्हटलं तर उत्तर न देता स्वतः कोपऱ्यापर्यंत जाऊन टाकून आली. दारातला कचऱ्याचा पिंप सोडून इतक्या लांब कशाला गेली कोण जाणे. जेवताना त्या बरणीतली एक पाकळी घेतली नाही. पित्त वाढलं असेल. एवढं रक्त बघून कोणाचंही वाढेल.

१६ नोव्हेंबर

विहीणबाई आल्या. दोघांनी खुर्चीसकट उचलून त्यांच्या खोलीत ठेवल्या. त्यांची खोली मागच्या अंगाला, खिडकीतून परसातला वाफा दिसतो. पलंगावर टेकल्या आणि पहिलं वाक्य काय? पाणी द्या नाही, पाय दुखतो नाही.

"विहीणबाई, वाफा मोकळा आहे ना? बियाणं वरच्या फळीवर आहे, उशीच्या अभ्र्यात. या आठवड्यात लागलं पाहिजे. थंडी निघून गेली की गड्डा धरत नाही."

मी कपबशी खाली ठेवली.

"बियाणं?" मी म्हटलं.

"मग काय? मोठे गड्डे बियाण्याला, बारके खायला. मोठ्यातून मोठं येतं. बारकं लावलं तर दर साली आणखी बारकं. मी तर वर्षानुवर्षं मोठी पाकळी चाखलीसुद्धा नाही."

म्हणजे त्याही बारकंच खात होत्या. हे मला कोणी सांगायचं? माझं सगळं आयुष्य दुकानातून आणण्यात आणि चुलीवर ठेवण्यात गेलं. वस्तू संपते तेव्हा दुसरी आणायची, एवढंच मला ठाऊक. कोणी सगळ्यात चांगलं ते न खाता मातीत घालतं, हे माझ्या डोक्यात कसं येणार?

मग त्यांनी सगळी कथा ऐकवली. त्यांचे मालक पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते, सारख्या बदल्या. पहिल्या पंपावरच्या म्हाताऱ्या चौकीदाराने मूठभर गड्डे दिले. तेव्हापासून प्रत्येक नव्या क्वार्टरमध्ये आधी हा लसूण लावायचा, मग सामान सोडायचं. मालक गेले, क्वार्टर गेलं, लसूण राहिला.

"लावायला यंदा मी नाही," त्या म्हणाल्या. "पण काढायला मी जाणार. माझ्या पायांनी. डॉक्टर म्हणाला बघू. मी म्हटलं, बघू कसलं, वाफ्यापर्यंत जायचंय मला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ एरवी माझ्या पुढे दोन पावलं धावते. आज म्हणाली, "हो, आहे ना फळीवर. लावते की."

१७ नोव्हेंबर

बाजारात जांभळा लसूण विचारला. भाजीवाली म्हणाली, "आजी, लसूण घेताय की पडद्याचं कापड? रंग काय बघता?" सगळ्या गाड्या पालथ्या घातल्या. जांभळा कुठेच नाही. शेवटी पांढऱ्यातला मोठ्यात मोठा निवडून आणला. घरी येऊन उशीच्या अभ्र्यात भरला, आणि तो अभ्रा सगळ्यांच्या देखत वरच्या फळीवरून खाली काढला. नाटक कंपनीत गेले असते तर नाव काढलं असतं.

१८ नोव्हेंबर

लावला. विहीणबाई खिडकीतून उंटावरून शेळ्या हाकत होत्या. पांढरा रंग दिसू नये म्हणून मी खिडकीकडे पाठ करून बसले. पण सवयीने पाकळी सोलायला लागले, तेवढं मात्र त्यांना पाठीमागूनही कळलं.

"अहो सोलू नका! थंडीत कोणाला कपडे काढून झोपवतात का? सालीसकट लावा. टोक वर, बूड खाली. टोक वर!"

"टोक वरच आहे."

"मग कोपर एवढं का हलतंय तुमचं?"

दोन पाकळ्यांत वीतभर अंतर, वरून वाळक्या पानांचं पांघरूण. गुडघे बोलायला लागले. उठून वळले तर विहीणबाई खिडकीला हात जोडून बसलेल्या. मला. आयुष्यात मला कोणी एवढ्या मनापासून नमस्कार केला नसेल, आणि तो असल्या कामासाठी.

३ डिसेंबर

कोंब आले. कुठे आले, कुठे नाही. मधले मधले दात पडलेल्या जबड्यासारखा दिसतो वाफा. "माझा लसूण असा खाडे करत नाही," विहीणबाई म्हणाल्या. "शाळेतल्या हुशार मुलांसारखा सगळा एकदम उभा राहतो." मी म्हटलं, हवा बदलली आहे. हवेला बिचारीला बोलता येत नाही, म्हणून बरं.

व्यायाम शिकवणारी मुलगी रोज येते. पाय उचला, धरा, सोडा. विहीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी येतं, पण तोंडातून हूं नाही. दर वेळी खिडकीकडे बघून पाय उचलतात. आज वॉकर धरून पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. मुलगी टाळ्या वाजवत होती. मी भांड्यांचं निमित्त करून बाहेर आले.

११ डिसेंबर

आज सूपबरोबर विहीणबाईंनी बरणीतला लसूण मागितला. नको म्हणायला कारण सुचेना. एक पाकळी ब्रेडवर ठेचून खाल्ली, डोळे मिटले.

"कुठून आणलात हो हा? आमच्या लसणाच्या जवळपास आहे. बाजारात असा मिळायला लागला?"

आणि आणखी दोन मागून घेतल्या. लेक तिथेच उभी होती. तिच्या हातातला चमचा खाली पडला. मी तिच्याकडे बघितलं, ती चमचा शोधत बसली. समोरच पडला होता.

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्ला एकीने आणि घसा खवखवतोय माझा.

बरणीतला उरलेला लसूण मी शेजारणीला देऊन टाकला. रिकामी बरणी घासताना हातांचा वास जाईना. लेकीने न विचारताच अर्धं लिंबू आणून ठेवलं.

२० डिसेंबर

माझ्या भाड्याच्या खोलीचा मालक जावयांना फोनवर म्हणाला, आजी येणार नसतील तर दुसरा भाडेकरू तयार आहे. लेक म्हणाली, "सोडून दे आई ती खोली. इथेच राहा." जावई म्हणाले, "आमच्या आईला तुमची सवय झाली आहे." सोडली. कपाट, पलंग, शेगडी, सगळं तिथेच देऊन टाकलं. आता मागे काही नाही.

मी आनंदात असायला हवं. पण चोराच्या मनात चांदणं. आता खरं बाहेर आलं तर जायचं कुठे, हाच विचार. आधी नुसती चुकले होते. आता चुकीवर घर बांधून राहायला आले आहे.

८ जानेवारी

"पातीच्या बुडाशी जांभळी छटा आली का?" असं विहीणबाई दिवसाआड विचारतात. मी म्हणते, आली, आली. त्या म्हणतात, एक पात आणून दाखवा. मी म्हणते, वाढत्या पोराचं बोट तोडून दाखवतात का? त्या हसतात. त्यांना माझी जीभ आवडायला लागली आहे. पूर्वी लग्नकार्यात भेटलो की दोघी दोन टोकांना बसायचो. आता दुपारी मला हाक मारून बसवून घेतात. मालकांनी पंपाचं पाणी चोरून वाफ्याला कसं दिलं, साहेब आल्यावर नळीवर कसे बसून राहिले, सगळं सांगतात. हसून हसून पोट दुखतं. मग त्यांचं लक्ष खिडकीकडे जातं, आणि माझं पोट वेगळं दुखायला लागतं.

उद्या सांगणार. नक्की.

९ जानेवारी

सांगितलं नाही. त्यांनी आज वॉकर घेऊन खोलीचं दार गाठलं. अशा दिवशी कसं सांगायचं?

२१ जानेवारी

मी अंघोळीला गेले होते तेवढ्यात नातीने आजीच्या सांगण्यावरून वाफ्यातलं एक रोप मुळासकट उपटून तिला नेऊन दिलं. मी बाहेर आले तर रोप विहीणबाईंच्या मांडीवर, बोटांना माती. मला वाटलं, संपलं सगळं. पण त्या इतकंच म्हणाल्या, "तुमचा मोतीबिंदू कधी काढायचा आहे?" माझ्या डोळ्यात नुकता कुठे पडायला लागलाय, ते मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं.

संध्याकाळी लेक कामावरून आल्याबरोबर त्यांनी तिला आत बोलावलं. दार लावलं. मी बाहेर वाटाणे सोलत होते. लेकीचाच आवाज येत होता, हळू, सारखा 'मी', 'मी'. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा.

"काय गं?"

"काही नाही. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा आहे, त्याचं बोलणं होतं."

दांड्यासाठी दार कशाला लावायचं? पण बरं झालं. लसणाचा विषय निघाला नाही. त्यांची नजरही कमजोर झाली असेल. मी सुटले.

२ फेब्रुवारी

विहीणबाईंना काय झालं कळत नाही. व्यायाम सोडला. मुलगी येते, तशीच परत जाते. वॉकर कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळत घालतात. मी म्हटलं, "हात-पाय हलवा, नाहीतर आम्ही तुमच्यावर धूळ झटकायचं कापड फिरवू." हसल्या नाहीत.

"कुठे जायचंय आता मला, विहीणबाई?"

"वाफ्यापर्यंत! काढायचाय ना लसूण?"

माझ्याकडे असं बघितलं, जसं वेड्या माणसाकडे माया करून बघतात.

आणि दुसरं. माझ्या लेकीच्या हातचं काही घेत नाहीत. तिने गोळ्या दिल्या तर तशाच ठेवतात, मी दिल्या की गिळतात. 'सूनबाई' म्हणायच्या, आता 'ती' म्हणतात. माझी पोर 'अहो आई, अहो आई' करत मागे असते. मला 'अगं आई', त्यांना 'अहो आई', पण त्या एका अक्षरापलीकडे दोघींत कधी दुजाभाव केला नाही तिने. विचारलं तर म्हणते, "आजारी माणूस आहे. चिडचिड होते." लहानपणापासून भोळीच. कोणी ओरडलं तर कारणसुद्धा विचारत नाही.

१९ फेब्रुवारी

आज विहीणबाई माझा हात धरून म्हणाल्या, "या घरात माझं एक तुम्हीच माणूस आहात." माझा हात त्यांच्या हातात मेल्या मांजरासारखा पडून होता.

१५ मार्च

लसणाची खालची पानं पिवळी पडली. विहीणबाईंनी न विचारता सांगितलं, "पाणी बंद करा आता. माती सुकू द्या." मी म्हटलं, तुरा काही आला नाही यंदा. आधी त्या सांगायच्या की त्यांच्या लसणाला हिवाळा संपता संपता मधोमध दांडा येतो, वर हंसाच्या मानेसारखा वळतो. मी भीतभीत म्हटलं, म्हणजे त्यांना संशय येण्याआधीच कारण तयार असावं.

"नाही येणार," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे वळल्या.

२ एप्रिल

काढला. खुरपं बाजूने घालून माती सैल करायची, मग मानेला धरून उचलायचं, ओढायचं नाही. हे मला आता येतं. त्या आल्या नाहीत. खिडकीत बसून होत्या. पांढरे, बारके, दातासारखे गड्डे निघत गेले. माती झटकताना मी मनात पाठ करत होते: यंदा थंडी कमी, माती थकली, मला पाणी द्यायचं कळलं नाही.

घमेलं घेऊन खोलीत गेले. तोंड उघडलं तेवढ्यात त्याच म्हणाल्या.

"राहू द्या. पांढराच निघणार होता. मला जानेवारीत कळलं."

घमेलं माझ्या हातात तसंच.

"नातीने रोप आणलं त्या दिवशी. बूड पांढरं फटक. संध्याकाळी तिला विचारलं, तर लगेच कबूल झाली. म्हणाली, मीच वापरला, अहो आई, तुम्ही पडलात त्या दिवसांत, घाईत कळलं नाही. आईला माहीत नाही, ती येण्याआधीच मी बाजारातला आणून अभ्र्यात भरून ठेवला होता." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं नाही. तुमचीच लेक. तुम्ही बिचाऱ्या डोळ्यांनी अधू, छटा आली, छटा आली म्हणत राबत होतात. तुमचं मन कशाला मोडू?"

माझी पोर माझ्यावरचं सगळं अंगावर घेऊन सव्वादोन महिने या घरात वावरली. सालींचा डबा. लिंबू. दांडा. मी तिला भोळी म्हणत होते.

तरी बोलले नाही. घमेलं घेऊन बाहेर आले आणि लसूण सावलीत पसरला, एकेक नीट, एकमेकाला लागणार नाही असा. याहून नालायक काम आयुष्यात केलं नाही.

५ एप्रिल

लेकीला ओट्याशी गाठलं.

"तू का सांगितलंस तसं?"

"कसं?" म्हणाली. कांदा चिरत होती, डोळ्यांतून पाणी, सोईचं.

"मला कळलंय सगळं."

"मग झालं तर. आता गप्प बस, आई. मी सून आहे, माझ्यावर दोन दिवस रागावतील. तुझ्यावर रागावल्या तर तू कुठे जाशील? खोली सोडायला मीच सांगितलं तुला."

"दोन दिवस? जानेवारीपासून तुझ्या हातचं पाणी घेत नाहीत त्या!"

"घेतील," म्हणाली, आणि दुसरा कांदा घेतला.

१२ एप्रिल

आगीतून फुफाट्यात. विहीणबाईंनी धाकट्या मुलाला फोन केला. तो लांबच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याला सांगितलं, मला घेऊन जा. "जिच्या हाताने माझ्या मालकांची शेवटची वस्तू गेली तिच्या घरात मला मरायचं नाही." जावयांनी हातापाया पडून बघितलं. तिसरा मजला, जुनी इमारत, लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याची आई, आणि लिफ्ट नाही! तिथे चढवल्या की परत उतरायच्या नाहीत, हे सगळ्यांना दिसतंय, त्यांनाही.

जावई माझ्याकडे न बघता म्हणाले, "आई गेली की ती खोली तुम्ही घ्या. ऊन येतं चांगलं."

खरंच येतं. मी कधीपासून बघते आहे, सकाळी त्या पलंगावर ऊन कसं पडतं ते. हेही लिहूनच ठेवते. कोणाला सांगण्यासारखं नाही.

१६ एप्रिल

धाकटा उद्या सकाळी येणार. विहीणबाईंनी मलाच सामान भरायला बोलावलं, सुनेचा हात लागायला नको म्हणून. मी कपड्यांच्या घड्या करत होते. त्या पलंगावरून सांगत होत्या, "ती निळी शाल तुम्ही ठेवा. आठवण म्हणून. एवढ्या घरात तुम्ही तेवढ्या माणूस निघालात."

शाल हातात होती. मी ती बॅगेत टाकली.

"तुमचा लसूण मी सोलला," मी म्हटलं.

"काय?"

"वरच्या फळीवरचा. अभ्र्यातला. माझ्या लेकीने नाही. तिने नखसुद्धा लावलं नाही त्याला. मी चढले, मी उतरवला, मी सोलला. मला वाटलं, तुम्ही चांगला लपवून तिला बारका देता. बाजारातला मी आणला. अभ्र्यात मी भरला. छटा आली म्हणून सांगितलं तेही खोटं. माझा मोतीबिंदू एवढाही वाढलेला नाही."

बोलताना वाटलं होतं, हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही. दगड माझ्या छातीवरून उचलला तो त्यांच्या मांडीवर ठेवला, एवढंच.

त्यांनी विचारलं, "एकसुद्धा ठेवला नाही?"

"नाही."

"आणि ती बरणी? सूपबरोबर..."

"तीच."

"म्हणजे मीच खाल्ला."

"हो. मागून घेतलात."

मला वाटलं ओरडतील. हाताला लागेल ते फेकतील. मी बाजूलाही सरकले नसते. त्या फक्त स्वतःच्या ओठांवरून हात फिरवत राहिल्या, काहीतरी पुसावं तशा. मग हाक मारली. "सूनबाई!"

जानेवारीनंतर पहिल्यांदा. लेक ओले हात घेऊन धावत आली, दारात थबकली. माझ्याकडे बघितलं, उघड्या बॅगेकडे बघितलं, आणि तिला कळलं. मी गप्पच बसेन असं तिला वाटलं असेल तर तीही चुकली.

"खरं आहे का हे?"

लेक ओले हात एकमेकांवर पुसत राहिली.

"माझ्या तोंडावर खोटं बोललीस. मी तुला नाही नाही ते ऐकवलं, ऐकून घेतलंस. गोळ्या उशीखाली टाकल्या, त्या वेचून परत आणल्यास. कशासाठी?"

"ती खोली सोडून आली होती, अहो आई," लेक म्हणाली. "तिला जायला दुसरं घर नाही."

"आणि मी हिला रस्त्यावर काढली असती, असं वाटलं तुला? एवढी वर्षं माझ्याबरोबर राहून?"

काढलीच असती त्यांनी कदाचित. मी त्यांच्या जागी असते तर काढलं असतं.

त्यांनी पाय पलंगाखाली सोडले. वॉकर कोपऱ्यात. मी पुढे झाले, तर हातानेच मला लांब राहायला सांगितलं.

"सूनबाई, हात दे."

व्यायाम सोडून इतके दिवस झाले, पाय थरथरत होते. लेकीने कमरेला धरलं. दोघी खिडकीपर्यंत गेल्या. बाहेर रिकामा वाफा, उपटलेल्या मातीचे खळगे. विहीणबाई बघत राहिल्या. मी बॅगेपाशीच उभी, कुठे बघावं कळेना. म्हटलं, "माफ करा." त्या वळल्यासुद्धा नाहीत.

"माफी काय करायची? लावता येते का ती?"

मग लेकीच्या खांद्यावर भार टाकून सावकाश माझ्याकडे वळल्या. डोळे कोरडे.

"ती बॅग रिकामी करा. जिथलं तिथे ठेवा. आणि ऐका. धाकटा सकाळी येईल. एवढ्या लांबून गाडी हाकत, बायकोशी भांडून माझ्यासाठी खोली मोकळी करून. बेल वाजली की दार तुम्ही उघडायचं. आई का येत नाही, ते त्याला तुम्ही सांगायचं. पहिल्यापासून, सगळं, बरणीसकट. तो चिडेल, हवं ते विचारेल. माझा थोरला मध्ये पडणार नाही, मी या खोलीतून बाहेर येणार नाही. आणि माझ्या सुनेने एक अक्षर बोलायचं नाही. उत्तर तुम्ही द्यायचं."